मीठ म्हणालीस की पीठ?

माझा आवाज मोठा आहे. बढाई म्हणून सांगत नाही, पोट त्याच्यावर चालतं. आमच्या इस्लामपूरच्या बाजार आवारात गुळाचे सौदे निघाले की पुकारायला मी उभा राहतो, आणि मी आकडा पुकारला की पलीकडच्या चहाच्या गाड्यावर बसलेला व्यापारीसुद्धा कप खाली ठेवतो. आवाज चढवला की माणूस ऐकतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. त्याला अपवाद एकच, माझी मुलगी नलू.

नलू तीन वर्षांची असताना तापाने फणफणली. ताप उतरला, पण तिचं ऐकू येणं त्याच्याबरोबर गेलं ते गेलंच. पुढे शाळेत घातली तेव्हा तिथल्या बाईंनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून बजावलं, "घरात हातवारे करायचे नाहीत. हातांची सवय लागली की मूल तोंडाने बोलत नाही." त्या काळी बहुतेक ठिकाणी असंच सांगत. मी ते इतकं मनावर घेतलं की नलूने नुसता हात उचलला तरी मी ओरडायचो, "तोंडाने!" नलू ओठ वाचायला शिकली, थोडंफार बोलायलाही शिकली. आवाज सपाट, नवख्या माणसाला कळायचा नाही. तिची आई मात्र माझ्यामागे स्वयंपाकघरात तिच्याशी बिनधास्त हातांनी बोलायची. मी आत गेलो की चारही हात एकदम कणीक मळायला लागायचे. मला काही सांगायचं असलं की मी हिला सांगायचो आणि ही नलूला. अशी एकोणीस वर्षं गेली आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. निदान मला तरी वाटलं नाही.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं, ताराचं पत्र आलं. तारा नवी मुंबईत वाशीला राहते. तिच्या खालच्या मजल्यावरच्या कांबळेबाई महाप्याच्या एका कारखान्यात मुकादम होत्या. पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवायचा कारखाना. तिथे मुली घ्यायच्या होत्या, नलूला घेऊन ये, असं ताराने लिहिलं होतं. नलूने ते पत्र दिवसातून तीनदा वाचलं. तिच्याबरोबर जायचं माझ्या बायकोने ठरवलं आणि नेमकी न्हाणीघरात घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसली. मग नलूला घेऊन मी निघालो. खरं सांगून टाकतो, मी तिला पोहोचवायला निघालो नव्हतो. चार लोकांपुढे एकदा "नाही" ऐकून घ्यायचं आणि तिला परत आणायचं, असा माझा बेत होता. परक्या गावात, यंत्रांच्या खडखडाटात ऐकू न येणारी पोर ठेवायची, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

परत आल्याला आता बरीच वर्षं झाली, तरी आवारातला जो तो विचारतो, "नवी मुंबई कशी आहे हो?" सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

वाशी

ऐंशी साल मागे पडून दोन-तीन वर्षं झाली असतील. नवी मुंबई तेव्हा खरोखरच नवी होती. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खंबाटकीला माझा डोळा लागला तो खोपोलीला वड्याच्या वासाने उघडला. तेवढ्यात नलूशी माझं जे संभाषण झालं ते असं. "भूक लागली?" तिने मान हलवली. "वडा खाणार?" मान हलवली. "एक की दोन?" पुन्हा मान हलवली. मी दोन घेतले. तिने एक खाल्ला आणि दुसरा माझ्या हातात ठेवला. या मुलीला नीट उत्तर द्यायला काय होतं, असं म्हणत मी तो रागारागाने खाल्ला.

वाशीत उतरलो आणि गोंधळलो. आमच्याकडे घर ओळखायचं तर पुढे कडुनिंब आहे, शेजारी पिठाची गिरणी आहे, असं काहीतरी असतं. इथे सगळ्या इमारती जुळ्या बहिणी. रंग एक, जिने एक, गॅलरीत वाळणाऱ्या साड्याही जवळजवळ एकच. मी एका इमारतीचे तीन मजले चढलो. दार उघडं होतं. चपला काढल्या, पंख्याखाली बसलो आणि हाक मारली, "तारा, पाणी आण गं!" नलू माझी बाही ओढत होती. मी तिला म्हटलं, "बस की जरा." ती दारावरच्या पाटीकडे बोट दाखवायला लागली तेव्हा आतून एक अनोळखी बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"घ्या, प्या पाणी," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी काय पहिले नाय. रोज एकजण येतो. तारा बाजूच्या बिल्डिंगमधे."

ताराला सांगितलं तर ती हसत सुटली. "टेन्शन नको घेऊ दादा. आमचे हे पहिल्या महिन्यात दुसऱ्यांच्या घरी जाऊन चहा मागत होते."

नलूला पाटी आधीच दिसली होती, हे मी ताराला सांगितलं नाही.

संध्याकाळी तारा आमटी करत होती. नलू तिच्या हाताखाली. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. तारा खिडकीकडे पाठ करून उभी. मावळतीचं ऊन तिच्या मागून येत होतं, आणि ती पातेल्यात बघत बोलायची. तिने काहीतरी मागितलं आणि नलूने पिठाचा डबा पुढे केला.

"अगं, मीठ! मीठ!" तारा म्हणाली.

नलूने डबा आणखी पुढे केला. मला राहवलं नाही. मी बाहेरूनच सौद्याचा आवाज काढला, "नलू! मीऽऽठ! मीठ!"

नलूला काही ऐकू गेलं नाही. पण दोन मिनिटांत दारावरची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वाटीभर मीठ पाठवलं होतं. निरोप होता, परत द्यायची घाई नाही.

तारा पोट धरून हसली. नलूला त्या वाटीवरून सगळा प्रकार कळला आणि तिचा चेहरा उतरला. तिच्याजवळ नेहमी एक वही असते. ती तिने काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "बाबा, आरशात बघा. आवाज न काढता मीठ म्हणा. मग पीठ म्हणा."

बेसिनवर आरसा होता. मी उभा राहिलो. बिनआवाजी म्हटलं, मीठ. मग पीठ. पुन्हा मीठ, पुन्हा पीठ. ओठ मिटले, उघडले, दोन्ही वेळा अगदी तसेच. मला वाटलं माझंच काही चुकतंय. मग मी बीट म्हणून पाहिलं. तेही तसंच! बाबा म्हटलं, मामा म्हटलं, सगळा एकच माणूस. तारा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, बरा आहेस ना?"

नलूने पुन्हा लिहिलं, "तुमच्या तोंडात तीन शब्द असतात. मला एकच दिसतो. बाकी अंदाज. उजेड तोंडावर असला, आणि कशाबद्दल बोलणं चाललंय ते आधी माहीत असलं, तर अंदाज बरोबर येतो."

"आणि मी ओरडल्यावर?" मी विचारलं.

"ओठ वाकडे होतात. बाबा चिडले एवढंच कळतं."

"आणि अंदाज आलाच नाही तर?"

तिने मान हलवली. ओठांवर बारीक हसू, डोळे खाली आणि दोनदा हलकेच मान. ही मान मी चांगली ओळखत होतो. सकाळी वड्याच्या वेळी पाहिली होती. जन्मभर पाहत आलो होतो.

"म्हणजे तुला कळलेलं नसतं?"

तिने वही ओढून घेतली. "पुन्हा विचारलं की तुम्ही चिडता. मान हलवली की सगळे खूश."

मला एकदम शिवणाचा क्लास आठवला. मॅट्रिक झाल्यावर मी तिला विचारलं होतं, "शिवण शिकणार का?" आणि तिने अशीच मान हलवली होती. मी ते लिहून विचारलं. तिने उत्तर दिलं, "मला फक्त 'शिकणार का' एवढंच कळलं होतं. मला वाटलं, कॉलेज." दोन वर्षं माझी मुलगी न आवडणाऱ्या यंत्रावर परकर शिवत बसली होती, आणि मी आवारात सांगत होतो की पोरीने स्वतः हौसेने क्लास लावला. त्या दिवशी ताराची आमटी चांगली झाली असावी. मला चव लागली नाही.

महापे

कांबळेबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला न्यायला वर आल्या. नांदेडकडच्या खेड्यातलं बौद्ध कुटुंब, नवरा-बायको दोघंही इकडे येऊन कारखान्यात लागलेले. आल्या आल्या त्यांनी काय केलं, तर नलूच्या खांद्याला हलकेच हात लावला, तिने बघेपर्यंत थांबल्या आणि स्वतः उजेडाकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "नोकरीचं बोलू." एवढं बोलून थांबल्या. नलूने मान हलवली, पण ही मान वेगळी होती, डोळे वर होते. मग पुढचं बोलणं. नलू भराभर उत्तरं देत होती, बाई न कळलेला शब्द खुशाल पुन्हा विचारत होत्या. नलूही विचारत होती.

"तुम्हाला कसं जमतं हे?" मी म्हटलं.

"काका, तुम्ही या बाजूला येऊन बोला. बारा वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर काढली. डावा कान गेलाय माझा," त्या म्हणाल्या. "तिकडनं बोललात तर मी पण नुसती मान हलवते."

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांची रांग आहे. आमच्याकडे उसाच्या गाड्या जातात तशा तिथे ट्रक. महाप्याला आत वळलं की मागे डोंगर आणि पुढे पत्र्याच्या शेड. त्यातल्या एकीच्या ऑफिसात फोरमन बसले होते. बाळाराम त्यांचं नाव, उरणकडचे आगरी. माणूस धिप्पाड आणि त्याहून धिप्पाड त्यांची मिशी. वरचा ओठ तर नाहीच, खालचाही निम्मा झाकलेला. शिवाय बोलायचे ते टेबलाच्या खणात काहीतरी शोधत.

"मशीनची भीती वाटते काय गो?" त्यांनी खणाला विचारलं.

नलूने मान हलवली.

"मंग काम नाय जमनार?"

मान हलवली.

"उद्यापास्नं येशील?"

मान हलवली. बाळाराम वर बघून म्हणाले, "ही तं सगल्याला हो म्हनते. हिला कामाला घेऊन मी काय करू?"

झालं! मला हवं होतं ते "नाही" टेबलाच्या पलीकडे तयार होतं. मी गप्प बसलो असतो तर संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो असतो. मी नलूकडे पाहिलं. ओठांवर तेच बारीक हसू होतं, पण खाली वही तिने इतकी घट्ट धरली होती की बोटांची टोकं पांढरी पडली होती. ही पोर हे काम मनापासून मागत होती, आणि ते कसं निसटतंय हेही तिला समजत नव्हतं.

"साहेब," मी म्हणालो, "तिला यातलं एक अक्षर कळलेलं नाही. तुमच्या मिशीमुळे."

कांबळेबाईंना एकदम खोकला आला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. बाळाराम मिशीला हात लावून बसले. "वीस वरसांची मिशी हाय ही," ते म्हणाले. "आजवर कोनी नाव नाय ठेवलं तिला."

मी त्यांना ओठांचं सांगितलं, मीठ-पिठाचं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच चढला असावा, कारण बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. कांबळेबाईंनी तेच तीन प्रश्न कागदावर लिहून नलूपुढे ठेवले. नलूने पहिल्यापुढे लिहिलं, "थोडी." दुसऱ्यापुढे, "जमेल." तिसऱ्यापुढे, "आजपासून चालेल?" बाळारामांनी कागद दोनदा वाचला आणि उठले. "चला, खात्यात बघू."

खात्याचं दार उघडलं आणि मी थबकलो. पंधरा-वीस प्रेस एकदम आपटत होते. पायाखालची जमीन थरथरत होती. मी बाळारामांना विचारलं, "एका पाळीत किती झाकणं निघतात?" ते ऐकू गेलं नाही. मी ओरडलो. मी, ज्याच्या आवाजाला आवारात तोड नाही, तो मी जीव खाऊन ओरडलो आणि मला स्वतःलाच माझा आवाज ऐकू आला नाही.

आणि तिथे सगळे मजेत गप्पा मारत होते! हातांनी. एकीने मूठ वर केली, पलीकडचा प्रेस थांबला. एकाने तळहात आडवा करून हलवला, म्हणजे झाकण वाकडं येतंय. अंगठा तोंडाशी नेला की चहा. दोन बाया तर इतक्या रंगात आल्या होत्या की त्यांच्या सासूबद्दलच चाललं असणार. कांबळेबाईंनी माझ्याकडे बघून हाताने काहीतरी केलं. मला कळलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून मी हसलो आणि मान हलवली. त्यांनी मला मागे सरायला सांगितलं होतं. पुढच्याच क्षणी तेलाची पिचकारी माझ्या कोऱ्या धोतरावर गुडघ्यापासून खालपर्यंत उडाली.

नलू ते बघत होती. आधी ती दचकली, मग हसायला लागली, मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. मग तिने माझी नक्कल केली. बारीक हसू, खाली डोळे, दोनदा मान. मला त्या आवाजातही हसू आवरलं नाही.

तासाभरात तिला खात्याच्या सगळ्या खुणा आल्या. झाकणं तपासून वाकडी बाजूला काढायचं काम तिला दिलं. सहा दिवस बघू, मग ठरवू, असं बाळाराम म्हणाले. मीही राहिलो.

त्या संध्याकाळी ताराच्या गॅलरीत बसलो असताना मला माझे वडील आठवले. ते बैलबाजारात दलाली करायचे. बैलाचा भाव चारचौघांत बोलायचा नसतो. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. तोंडाने मात्र हवापाण्याच्या गप्पा. मला लहानपणीच ते शिकवलेलं. मी पंचा घेतला, नलूच्या आणि माझ्या हातांवर टाकला आणि आतून तिची बोटं दाबली. वहीवर लिहून दिलं, चार बोटं म्हणजे अमुक, मनगट म्हणजे तमुक. दोन वेळा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर. मग तिने पंचा ओढून काढला आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. वहीत लिहिलं, "हे तुम्हाला येत होतं?"

एवढंच. बैलांचा सौदा करायला मला हात चालत होते आणि पोरीला जेवलीस का विचारायला चालत नव्हते. मी तिचा हात तसाच धरून बसलो. मग तिनेच माझी बोटं जुळवली, चिमूट केली आणि हवेत भुरभुरवली. हे मीठ. मूठ करून तळहातावर दाबली. हे पीठ. हनुवटीखाली बोट वळवलं की "पुन्हा सांग." ही सगळी तिने आणि तिच्या आईने माझ्या पाठीमागे बनवलेली भाषा. पुढचे पाच दिवस रोज संध्याकाळी मी त्या शाळेत बसलो. मास्तरीण कडक होती. हात चुकला की माझ्याच आवाजात म्हणायची, "हाताने!"

मोरा

रविवारी बाळारामांनी उरणला घरी जेवायला बोलावलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत कामाचं काय ते सांगितलं नव्हतं, त्यामुळे वाटेत नलूचा जीव खालीवर होत होता. खरं म्हणजे माझाही. फरक इतकाच की आठवड्यापूर्वी मला "नाही" हवं होतं आणि आता मी "हो"साठी मनातल्या मनात नारळ बोलून बसलो होतो.

उरणच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मिठागरं. चौकोनी वाफे, आमच्याकडे भाजीला करतात तसे, पण त्यांत पाणी आणि पाण्याखाली मीठ. कडेला पांढरेशुभ्र ढीग. ऊन इतकं की डोळे उघडवत नव्हते. नलूने मला कोपराने ढोसलं, ढिगाकडे बोट केलं आणि चिमूट भुरभुरवली. मी मुद्दाम मूठ दाबून म्हटलं, पीठ. तिने कपाळाला हात लावला.

बाळारामांनी दार उघडलं आणि मी क्षणभर त्यांना ओळखलंच नाही. मिशी अर्धी झाली होती. ओठांवरची कड सरळ कापलेली, दोन्ही ओठ उघडे, नवी नवरी सासरी यावी तसे लाजलेले. मागून त्यांची बायको म्हणाली, "वीस वरसं मी सांगतंय, कापा ती. माझं नाय ऐकलं. या पोरीपायी काल न्हाव्याकं जाऊन बसलं."

बाळारामांनी नलूला उजेडात आणलं, समोर उभे राहिले आणि ओठ ताणून ताणून म्हणाले, "तुऽऽला. काऽऽमाला. ठेऽऽवली."

नलूने मान हलवली नाही. हनुवटीखाली बोट वळवलं. इतकं ताणल्यावर मीठ-पिठाचं पार थालीपीठ होतं, हे मी त्यांना समजावलं. मग ते साधं, रोजच्यासारखं बोलले, "तुला कामाला ठेवली." नलूने आधी आपल्या ओठांवर बोटांची कात्री चालवून दाखवली, मग बाळारामांच्या पाया पडली. ते इतके गडबडले की त्यांनी माझ्याच डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

जेवायला तांदळाची भाकरी, भात, बोंबलाचं कालवण आणि कसल्याशा माशाच्या तळलेल्या तुकड्या. आम्ही मटणाची माणसं, माशाशी आमची ओळख नाही. गप्पा मारत खाल्लं आणि काटा घशात अडकला. आवाज बंद. सगळे "काय झालं, काय झालं" करत होते. मी हाताने घास दाखवला, गोळा करून दाखवला. नलूने सगळ्यांत आधी ओळखलं आणि सुक्या भाताचा गोळा माझ्या तोंडात कोंबला. काटा गेला. "काका," बाळारामांची बायको म्हणाली, "हातानं चांगलं बोलता हो तुमी."

उन्हं कलल्यावर ते आम्हाला मोरा बंदराच्या धक्क्यावर घेऊन गेले. मुंबईची लाँच सुटत होती. एक होडी अजून लांब होती आणि धक्क्यावरची कोळीण तिच्याकडे बघून हात हलवत होती. वाऱ्यात हाक पोहोचायची सोयच नव्हती. होडीतल्याने दोन्ही हात उताणे करून झटकले. नलू मला म्हणाली, तोंडाने आणि हाताने, "आज काही मिळालं नाही." कोळणीने रिकामी पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि निघाली. बाळाराम नलूकडे बघतच राहिले.

तिथे कठड्याशी मी नलूला विचारलं. तोंडावर ऊन येईल असा वळलो, आवाज खाली ठेवला. "तू इथे राहणार?"

तिने मान हलवली.

"मी काय विचारलं?"

हा प्रश्न मी तिला जन्मात कधी विचारला नव्हता. मग भर धक्क्यावर, लोक वळून बघतील याची पर्वा न करता, ती आपल्या सपाट आवाजात बोलली, "मी इथे राहणार का, विचारलंत. राहणार." आणि लगेच, "तुम्हाला चालेल?"

मी मान हलवली.

"मी काय विचारलं?" ती म्हणाली.

"चालेल का, असं विचारलंस," मी म्हणालो. "मला करमणार नाही. घर खायला उठेल. पण तू राहा."

तिने माझे डोळे आपल्या पदराने पुसले आणि बाळाराम समुद्राकडे बघायला लागले. निघताना त्यांनी माझ्या हातात खड्यामिठाचं गाठोडं दिलं. "वहिनींना द्या. आमचं घरचं मीठ हाय."

पनवेल

सोमवारी नलूने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि मला पनवेलच्या स्टँडवर पोहोचवायला आली. खिडकीची जागा मिळाली, पण काच काही केल्या उघडेना. इंजिन सुरू झालं. सगळ्या गाडीला निरोप द्यायला आलेली माणसं काचांना तोंड लावून ओरडत होती. "काय?" "पोचल्यावर कळवा!" "ऐकू येत नाय!" "काऽऽय?" माझ्या पुढचे गृहस्थ तर कानाला हात लावून लावून लालबुंद झाले होते.

आम्ही दोघं आरामात बोलत होतो. मी विचारलं, रात्री ताराकडे दार कोण उघडेल? तिने सांगितलं, किल्ली दिली आहे. तिने विचारलं, डबा खाणार ना? मी म्हटलं, खोपोलीला वडा खाणार. दोन. ती हसली. पुढचे गृहस्थ वळून आमच्याकडे बघायला लागले.

गाडीने भोंगा दिला. घाईत नलू हात विसरली आणि नुसतीच ओठांनी काहीतरी म्हणाली. मला वाटलं, "पीठ" म्हणाली. पीठ पाठवा? भाजणीचं असेल, तिला आवडतं. गाडी हलायच्या बेतात होती, कोण विचारत बसतो? मी हसलो आणि मान हलवली.

नलू जागच्या जागी थांबली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली. ती मान तिचीच होती. तिच्यापासून ती कशी लपणार?

मी शरणागती पत्करली. काचेला तोंड लावून, हनुवटीखाली बोट वळवलं. पुन्हा सांग, नलू. कळलं नाही.

तिचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलो नाही. तिने चिमूट केली, हवेत भुरभुरवली आणि आपल्या मागच्या, स्टँडवरच्या बाकाकडे बोट केलं. बाकावर बाळारामांचं गाठोडं तसंच पडलं होतं.

"थांबवाऽऽ!" मी ओरडलो. हा आवाज मात्र बरोब्बर कामाला आला. नुकतीच हललेली गाडी करकचून थांबली. मी लोकांच्या पायांवरून उड्या मारत खाली उतरलो, गाठोडं घेतलं आणि परत चढलो.

"काय राहिलं होतं एवढं?" कंडक्टरने विचारलं.

"मीठ."

"मिठासाठी गाडी थांबवली?" सगळी गाडी माझ्यावर तुटून पडली. मी कोणाला काही समजावत बसलो नाही. गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो. गाडी निघाली. नलू थोडं अंतर शेजारून चालत आली आणि तिने हातांनी सांगितलं, आईला सांगा, बाबा आता बोलतात.

मी मान हलवली. तिने चालता चालता नीट निरखून पाहिलं, खात्री करून घेतली आणि मगच थांबली.